पॉलिश केल्यावर गाडीवर धुरकट झाक आणि गोल चरे का दिसतात? आधी कारण ओळखा, मग मशीन चालवा

गाडी पॉलिश करायचं मशीन आता ऑनलाईन सहज मिळतं. तालुक्याच्या गावातही वॉशिंग सेंटरवर 'रबिंग-पॉलिश'चा बोर्ड दिसतो. काही जण घरच्या गाडीसाठी मशीन मागवतात, तर काही जण त्यावर छोटा धंदा सुरू करतात. काम झाल्यावर शेडमध्ये गाडी आरशासारखी चमकते. पण दुसऱ्या दिवशी उन्हात किंवा रात्री पेट्रोल पंपाच्या लाईटखाली बघितली, की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे दिसतात. काळी गाडी असेल तर वर दुधाळ, धुरकट झाकही दिसते.

अशा वेळी बहुतेक जण आणखी जोरात रबिंग करतात, आणि खरं नुकसान तिथेच होतं. गाडीवरचा पारदर्शक थर मोजकाच असतो. एकदा घासून गेला की तो भरून येत नाही. म्हणून आज आपण झाक आणि चरे यांचे प्रकार कसे ओळखायचे, प्रत्येकाचं कारण काय असतं आणि कमीत कमी थर घालवून ते कसे काढायचे, हे बघणार आहोत. त्यासाठी लागणारं तपासणीचं अर्धं सामान तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्येच आहे.

एक खुलासा: या लेखातलं कर्जत म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं. रायगडच्या कर्जतला धो धो पाऊस पडतो. आपल्याकडे मात्र अवर्षण, फुफाटा, कडक ऊन आणि बोअरचं जड पाणी. या चारही गोष्टींचा पॉलिशवर थेट परिणाम होतो, तो पुढे येईलच.

थोडक्यात उत्तर

- धुरकट झाक दोन प्रकारची असते. एक म्हणजे पॉलिशचा चिकट अंश, जो पुसला की जातो. दुसरी म्हणजे अतिशय बारीक चऱ्यांची गर्दी, जी पुसून जात नाही.
- जाळ्यासारखे चरे बहुतेक वेळा गाडी धुताना आणि पुसताना पडतात. लाईटबरोबर सरकणारे पट्टे मात्र रोटरी मशीनमुळे पडतात.
- आधी सॉफ्ट पॅड आणि बारीक पॉलिशने छोटी चाचणी घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला.
- थर किती उरला आहे याचा अंदाज नसेल, तर जाड कंपाउंड वापरू नका.

गाडीच्या कलरवर नेमकं काय असतं?

आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर खालून वर असे थर असतात: गंज रोखणारा थर, प्रायमर, कलर आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक, कडक प्लास्टिकसारखा थर. चमक त्याचीच असते, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून कलरला तोच वाचवतो.

कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो. डोक्याचा केस सरासरी ७० मायक्रॉन जाड धरला, तर क्लिअर कोट त्याहूनही पातळ निघतो. जाड कंपाउंडची एक फेरी यातले काही मायक्रॉन नेऊ शकते. फिनिशिंग पॉलिश त्याहून कितीतरी कमी नेतं.

याला मोबाईलच्या डेटा पॅकसारखं समजा. फरक इतकाच की याचा रिचार्ज होत नाही. पॅक संपला की पॅनेल परत पेंट करणं हाच मार्ग उरतो. कडा, दाराच्या उभ्या रेषा आणि बोनेटच्या घड्या इथे थर आधीच पातळ असतो. मशीनने कलर जळतो तोही आधी तिथेच.

जाडी मोजायला पेंट थिकनेस गेज मिळतं. पण ते सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. एखाद्या पॅनेलवर बाकी गाडीपेक्षा बराच मोठा आकडा आला, तर तिथे परत पेंट किंवा पुट्टी झालेली असण्याची शक्यता असते. बराच कमी आला, तर आधी कुणीतरी भरपूर रबिंग केलं आहे असं समजा आणि हात आवरा.

काही गाड्यांवर, विशेषतः जुन्या आणि व्यावसायिक गाड्यांवर, क्लिअर कोट नसतोच. कोपऱ्यात हाताने थोडं पॉलिश घासून बघा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर तो सिंगल स्टेज पेंट आहे किंवा क्लिअर कोट तिथे संपलेला आहे. दोन्ही बाबतीत जपून.

दिसतंय ते नेमकं काय आहे?

'स्क्रॅच आलेत' एवढं म्हणून भागत नाही. प्रकार ओळखला तरच उपाय सापडतो.

१) जाळ्यासारखे चरे. लाईटभोवती गोल गोल रेषा दिसतात. गंमत म्हणजे हे चरे स्वतः गोल नसतात. ते सगळ्या दिशांना पडलेले सरळ, बारीक ओरखडे असतात. लाईटच्या प्रतिबिंबाभोवती जे ओरखडे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून आपल्याला जाळं दिसतं. टॉर्च सरकवली की जाळंही तिच्याबरोबर सरकतं. कारण: मळकं फडकं, एकच बादली, ब्रश, किंवा कोरडी धूळ झटकणं.

२) होलोग्राम. लाईट हलवला की ओल्या रस्त्यावरच्या तेलाच्या डागासारखे लांब पट्टे हलताना दिसतात. हे पट्टे मशीन ज्या मार्गाने फिरलं त्याच मार्गाने असतात. कारण: रोटरी मशीन, त्यावर लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड.

३) बारीक चऱ्यांची झाक. वेगळा असा एकही चरा दिसत नाही, पण पूर्ण भाग धूसर दिसतो आणि प्रतिबिंबाला धार नसते. चरे इतके बारीक आणि इतके दाट असतात की प्रत्येक जण थोडा थोडा प्रकाश विखुरतो आणि सगळं मिळून दुधाळ दिसतं. काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर हे लगेच कळतं. पांढऱ्या गाडीवर तेवढीच झाक असूनही दिसत नाही.

४) अंशाची झाक. पॉलिशमधलं तेल नीट पुसलं न गेल्याने आलेला पडदा. बोट फिरवलं की रेघ उमटते.

५) शेपटीसारखे चरे. छोटे, स्प्रिंगसारखे वळलेले ओरखडे. कारण: डीए मशीनच्या पॅडखाली किंवा सँडिंग पेपरखाली अडकलेला एखादा खडा.

६) एकटे खोल ओरखडे. झुडपाचा काटा, किल्ली, सायकल. नख फिरवल्यावर अडकत असेल, तर तो पॉलिशने पूर्ण काढायच्या मागे लागू नका. त्याच्या कडा थोड्या मऊ करून तो कमी दिसेल इतकंच करा.

पहिली टेस्ट: पुसून बघा

झाक दिसली की मशीनला हात लावायच्या आधी ही दोन मिनिटांची टेस्ट करा.

१. स्प्रे बाटलीत आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. पाण्यात साधारण १५ ते २५ टक्के पुरे. शुद्ध अल्कोहोल मऊ पेंटवर थेट मारू नका. जवळ आग किंवा विडी-सिगारेट नको.
२. पॅनेल गार असताना स्प्रे करा, अर्धं मिनिट थांबा.
३. स्वच्छ, मऊ मायक्रोफायबरने अलगद पुसा. फडक्याची बाजू बदलून परत एकदा पुसा.
४. टॉर्चखाली बघा.

झाक गेली, तर तो फक्त अंश होता. पॉलिश कमी वापरा आणि पॅड साफ ठेवा, काम झालं. झाक तशीच राहिली, तर ते बारीक चरे आहेत. आणि पुसल्यावर आधी न दिसलेले चरे वर आले, तर पॉलिशमधल्या तेलाने ते बुजवून लपवले होते. 'दोन वॉशमध्ये चमक गेली' या तक्रारीमागचं नेहमीचं कारण हेच असतं.

मोबाईलने तपासणी कशी करायची?

टॉर्च तिरपी धरा. ट्यूबलाईटच्या पसरट उजेडात चरे लपतात, एका बिंदूतून येणाऱ्या उजेडात दिसतात. मोबाईलची एलईडी टॉर्च त्यासाठी बरी. पॅनेलपासून एक-दीड फूट लांब धरा आणि हळूहळू कोन बदला. सगळ्यात शेवटी मात्र बाहेर, थेट सूर्याच्या उजेडात एकदा बघाच.

फोटो घेताना दोन फोन वापरा. एकाची टॉर्च, दुसऱ्याचा कॅमेरा. एकाच फोनचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे फोटोत पांढरा ठिपका येतो आणि चरे जळून जातात.

फोकसची अडचण अशी सोडवा. चकचकीत पॅनेलवर कॅमेरा पृष्ठभागाऐवजी प्रतिबिंबावर फोकस करतो, आणि चरे धूसर येतात. पॅनेलवर मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावा, स्क्रीनवर त्या टेपला टॅप करून धरून ठेवा. बऱ्याच फोनमध्ये असं केलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं.

ऑटो सेटिंग बंद करा. एचडीआर आणि नाईट मोड बरेच फ्रेम एकत्र करून फोटो गुळगुळीत करतात. त्यात बारीक चरे पुसले जाऊ शकतात. प्रो मोड असेल तर आयएसओ कमी ठेवा आणि आधीच्या-नंतरच्या दोन्ही फोटोंना शटर स्पीड व व्हाईट बॅलन्स एकच ठेवा. अंतर आणि कोनही तोच. जमिनीवर खडूने खूण करून ठेवली तर सोपं जातं.

गिऱ्हाईकाला किंवा मित्राला फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक चरे नाहीसे होतात. हेच उलटंही लक्षात ठेवा: रीलमधला 'बिफोर-आफ्टर' बघताना दोन्ही फोटोंत लाईट आणि कोन सारखा आहे का, ते आधी तपासा.

टेस्ट स्पॉट: एका वेळी एकच बदल

कोडमध्ये बग आला आणि पाच ठिकाणी एकदम बदल केले, तर कशाने दुरुस्त झालं ते कळत नाही. इथेही तसंच आहे. पॅड, पॉलिश, स्पीड, दाब आणि फेऱ्या हे पाच आकडे आहेत. एका चाचणीत एकच बदला.

१. गाडी धुवा, लोखंडाचे कण काढणारं लिक्विड मारा, मग क्ले बार फिरवा. क्लेने स्वतः हलके चरे पडतात, म्हणून तो पॉलिशच्या आधीच वापरायचा.
२. बोनेटवर सपाट जागी साधारण ४५ × ४५ सेंमीचा चौकोन टेपने आखा. रबर, काळं प्लास्टिक आणि कडा टेपने झाका.
३. सॉफ्ट फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिशने सुरुवात करा. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके पुरे.
४. डीए मशीन आधी कमी स्पीडवर फिरवून पॉलिश पसरवा. मग स्पीड ४ च्या आसपास न्या. पहिली फेरी आडवी, दुसरी उभी. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. अशा ४ ते ६ फेऱ्या.
५. हात हळू चालवा, सेकंदाला २ ते ३ सेंमी. घाईत हात फिरवला की पॉलिशला काम करायला वेळच मिळत नाही.
६. पुसा, अल्कोहोलची टेस्ट करा, टॉर्चखाली बघा, फोटो घ्या.
७. मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा: पॅड, पॉलिश, स्पीड, फेऱ्या, दाब, निकाल.

चरे राहिले तर पुढच्या चाचणीत फक्त पॉलिश एक पायरी जाड घ्या. तरीही राहिले तर फक्त पॅड बदला. ज्या जोडीने चरे गेले, तीच जोडी पूर्ण गाडीला. 'अमुक देशाच्या गाडीचा पेंट कडक' असल्या ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. एकाच गाडीवर कंपनीचा पेंट कडक आणि गॅरेजमध्ये मारलेला मऊ असू शकतो. म्हणून परत पेंट झालेल्या पॅनेलवर वेगळी चाचणी घ्या.

लक्षण, कारण आणि उपाय

चरे गेले, पण त्याजागी एकसारखी झाक आली.
कारण: पॅड किंवा कंपाउंड पेंटच्या मानाने जास्त जाड. मायक्रोफायबर पॅडने असं बऱ्याचदा होतं.
उपाय: ही झाक म्हणजे काम अर्धं झाल्याची खूण आहे. आता नवा सॉफ्ट पॅड, बारीक पॉलिश, स्पीड ३ ते ४, आणि वरून जोर न देता मशीनच्या वजनावर ३-४ फेऱ्या मारा. कंपाउंडचा वापरलेला पॅड इथे चालणार नाही, कारण त्यात जाड कण राहिलेले असतात.

फिनिशिंग पॉलिशनेही झाक येते.
कारण: पेंट खूप मऊ, किंवा पॅड भरलेला.
उपाय: आधी पॅड बदलून बघा. मग दाब कमी करा. मग स्पीड कमी करा. बाटलीवरची सूचनाही वाचा. काही पॉलिशमधले कण काम करता करता बारीक होतात. ती मध्येच थांबवली तर जाड कणांचे चरे मागे राहतात. काही आधुनिक पॉलिशमधले कण सुरुवातीपासून बारीकच असतात, तिथे जास्त घासून फायदा नसतो.

होलोग्राम दिसतात.
कारण: रोटरी एकाच दिशेने फिरतं, त्यामुळे चरेही एका ओळीत पडतात.
उपाय: रोटरीवरच आणखी जोर देऊ नका. डीए मशीन, मध्यम किंवा सॉफ्ट पॅड आणि बारीक पॉलिश घ्या. डीए एकाच वेळी स्वतःभोवती फिरतं आणि केंद्राबाहेरच्या छोट्या गोलातही हलतं, त्यामुळे ओळ मोडते. रोटरीच हातात असेल तर सॉफ्ट फोम पॅड, साधारण १००० ते १२०० आरपीएम, पॅड सपाट आणि हात सतत चालता ठेवा.

चरे गेलेच नाहीत.
कारण: बऱ्याचदा डीएचा पॅड फिरतच नसतो, फक्त थरथरतो. जास्त दाब, तिरपा धरलेला पॅड किंवा वक्र जागा यामुळे तो थांबतो.
उपाय: बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारा. मशीन चालू असताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर दाब कमी करा, पॅड सपाट करा, आणि वक्र जागी छोटा पॅड लावा.

मधूनच शेपटीसारखे चरे उमटतात.
कारण: पॅडवर किंवा फडक्यावर धूळ किंवा खडा.
उपाय: लगेच थांबा. पॅड बदला, पॅनेल परत पुसा. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा हवेने साफ करा. जमिनीवर पडलेला पॅड किंवा फडकं धुतल्याशिवाय पेंटला लावायचं नाही, कितीही घाई असली तरी.

पॉलिश लगेच सुकतं, पांढरी पावडर उडते.
कारण: तापलेला पत्रा, फार मोठा चौकोन, किंवा जास्त पॉलिश.
उपाय: सावली, छोटा चौकोन, कमी पॉलिश. सुकलेल्या पॉलिशवर मशीन चालवू नका.

गोल पांढरे डाग जात नाहीत.
कारण: जड पाण्याचे क्षार सुकून बसलेत.
उपाय: आधी वॉटर स्पॉट रिमूव्हर सावलीत वापरा आणि लगेच धुवा. क्षार गेल्यावरही खड्डा दिसत असेल, तर तेवढ्याच जागी पॉलिश. क्षारावर थेट मशीन फिरवलं तर तेच कण घासले जातात.

पांढरे, खरखरीत चट्टे, कडेने पापुद्रे सुटतात.
कारण: क्लिअर कोट संपला किंवा सुटला. छतावर आणि बोनेटवर उन्हाने असं होतं.
उपाय: पॉलिशने बरं होत नाही. पॅनेल परत पेंट करावं लागतं. हे काम 'करून देतो' म्हणून गिऱ्हाईकाकडून घेऊ नका.

नवीन पेंट केलेलं पॅनेल चार-आठ दिवसांनी धूसर झालं.
कारण: पेंटमधलं थिनर अजून उडत असतं, आणि चमक बसत जाते.
उपाय: पेंटरला विचारून पेंट पूर्ण सुकू द्या, मग हलकं पॉलिश करा. तोवर वॅक्स किंवा कोटिंग नको.

कर्जतसारख्या भागात काय सांभाळायचं?

फुफाटा. आपल्याकडची खडी आणि मुरूम बेसाल्टपासून बनलेला. त्यातली मुख्य खनिजं कडकपणाच्या मोह्ज मापावर ५ ते ६.५ च्या दरम्यान येतात, म्हणजे साध्या चाकूच्या पात्याच्या तोडीस तोड. क्लिअर कोट तर शेवटी प्लास्टिकच. म्हणून गाडीवरची धूळ कोरड्या कापडाने झटकणं म्हणजे स्वतःच्या हाताने चरे पाडणं. उसाच्या ट्रॉल्या आणि वाळूच्या गाड्या जातात त्या रस्त्याच्या कडेला उघड्यावर मशीन चालवू नका. पत्र्याची शेड असेल तर वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा आणि काम सुरू करायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडा.

ऊन. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या बोनेटला हात लावून बघा, मग कळेल. पत्र्यावर तळहात आरामात ठेवता येत नसेल, तर पॉलिश करायचं नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काम करा. गाडी चालवून आणली असेल तर इंजिन गार होईपर्यंत बोनेट शेवटी ठेवा.

बोअरचं पाणी. धुतल्यावर गाडी उन्हात आपोआप सुकू दिली की क्षारांचे डाग बसलेच म्हणून समजा. एकेक बाजू धुवून लगेच टिपा. शेवटचं पाणी मारायला साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरता आलं तर उत्तम. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र नको. त्यात क्षार आणखी जास्त असतात.

लाईट. व्होल्टेज कमी असेल किंवा लांब, बारीक वायरची एक्स्टेन्शन असेल, तर मशीनची ताकद पडते आणि तोच ४ नंबर वेगळं काम करतो. सकाळी जमलेलं संध्याकाळी जमत नसेल, तर पॉलिश बदलण्याआधी मशीनचा आवाज ऐका. जाड वायरची, अर्थिंग असलेली छोटी एक्स्टेन्शन वापरा. काम करताना मास्क आणि गॉगल लावा.

कधी थांबायचं?

- गेजचा आकडा आजूबाजूपेक्षा बराच कमी असेल तेव्हा.
- फडक्यावर किंवा पॅडवर गाडीचा रंग उतरायला लागला की लगेच.
- नखाला अडकणारा ओरखडा असेल तेव्हा.
- ८०-९० टक्के चरे गेले आणि उरलेले फक्त टॉर्चखाली दिसत असतील तेव्हा. रोज वापरायच्या गाडीला एवढं पुरतं. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी जो थर जाईल, तो पुढच्या पाच-दहा वर्षांत कामाला येणार आहे.

गाडी दुसऱ्याकडे देणार असाल तर

तुम्ही स्वतः मशीन चालवणार नसाल, तरी चार प्रश्न विचारा. थर मोजणार का? टेस्ट स्पॉट दाखवणार का? रोटरीनंतर डीएने फिनिशिंग करणार का? कोटिंगच्या आधी अल्कोहोलने पुसून टॉर्चखाली दाखवणार का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सिरॅमिक कोटिंग पारदर्शक असतं. खाली झाक राहिली तर ती कोटिंगखाली तशीच बंद होते, आणि नंतर काढायची तर कोटिंगही घासून काढावं लागतं. म्हणजे पैसे दोनदा जातात आणि थरही दोनदा जातो.

चरे परत पडू नयेत म्हणून

१. धुण्याआधी नुसत्या पाण्याने धूळ आणि चिखल वाहून जाऊ द्या.
२. दोन बादल्या ठेवा. एकीत शाम्पू, दुसरीत मिट खंगाळायला साधं पाणी. भांड्यांचा साबण नको.
३. वरून खाली धुवा. चाकांचं फडकं वेगळं.
४. मायक्रोफायबर फॅब्रिक सॉफ्टनर न टाकता वेगळी धुवा. फडकं मऊ आहे का शंका असेल, तर जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर घासून बघा. सीडीवर चरे आले तर ते फडकं चाकांसाठी.
५. वॉशिंग सेंटरवर त्याच फडक्याने आधी पाच गाड्या पुसल्या असतील, तर आपलं फडकं सोबत न्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टूथपेस्टने चरे जातात का?
टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात, पण ते गाडीच्या पेंटसाठी मोजूनमापून केलेले नसतात. छोट्या ओरखड्याच्या जागी मोठी झाक मिळू शकते.

ड्रिल मशीनला पॅड लावून चालेल का?
ड्रिल रोटरीसारखंच एका दिशेने फिरतं, आणि पॅड सपाट धरणं अवघड जातं. होलोग्राम आणि जळलेल्या कडा यांचा धोका जास्त. नवशिक्याने डीएच घ्यावं.

वर्षातून किती वेळा पॉलिश करायचं?
ठरावीक तारीख नाही. चरे खरंच डोळ्यांना खुपायला लागले तरच करायचं. नीट धुतलेल्या गाडीला कापणारं पॉलिश बरीच वर्षं लागत नाही. चमक हवी असेल तर वॅक्स किंवा सीलंट लावा, त्याने थर जात नाही.

पांढऱ्या गाडीला फिनिशिंगची गरज आहे का?
झाक कमी दिसते, त्यामुळे घाईत ती पायरी गाळली जाते. पण उन्हात चमक फिकी वाटते ती त्यामुळेच. एक हलकी फेरी मारा.

शेवटी लक्षात ठेवायचं एवढंच: झाक दिसली की आधी पुसा, मग टॉर्च मारा, मग एक चौकोन करून बघा. या तीन गोष्टी न करता मशीनचा स्पीड वाढवू नका. तुमच्या ओळखीत कुणी नवीन मशीन घेतलं असेल, तर पहिल्या गाडीवर हात टाकायच्या आधी त्याला हा लेख नक्की पाठवा.